दुपारच्या पाळीची रेघ

“पोरगी बोलत नाही ते बरंय. मागच्या खेपेच्या सुनेनं विचारून विचारून डोकं खाल्लं होतं,” चुलतसासरे दाराआड सासऱ्यांना सांगत होते. दाराच्या अलीकडे मी गेरू भिजवत बसले होते.

आमच्या उंबरद्यात पाटाच्या तोंडाशी एक सपाट शिळा आहे. तिच्या मधोमध उभी काठी आणि काठीपासून पसरलेल्या रेघा. काठीची सावली एका रेघेवरून दुसरीवर गेली की पाटाचं पाणी पुढच्या घराच्या शेतात वळवतात. दरवर्षी त्या रेघा गावातली सगळ्यात नवी सून गेरूनं ओढते, आणि तोवर पाण्याचा घोट घेत नाही. यंदा ती सून मी.

असं सांगतात की, पूर्वी पाळ्यांवरून इथं डोकी फुटायची. मग नुकत्याच लग्न होऊन आलेल्या भिवराला रेघा ओढायला बसवलं. ती अजून कुणाच्याच बाजूची नव्हती. तिनं भाकरीचे चतकोर करावेत तशा सगळ्या रेघा सारख्या अंतरावर ओढल्या. गावानं नारळ फोडला.

पण सावली सकाळी रेंगाळते आणि दुपारी पळते. दुपारची पाळी म्हाळसा नावाच्या विधवेची. तिच्या वाफ्यात पाणी शिरतंय न शिरतंय तोच पाट वळायचा. तिचा गहू ओंबी धरण्याआधीच वाळला. भिवराच्या ते ध्यानात आलं. दुपारचं अंतर वाढवू द्या, म्हणून ती पंचांपुढं गेली.

“देवासमोर ओढलेली रेघ हलत नाही, बाई,” पंच म्हणाले. सकाळची पाळी पंचांचीच होती. ते माझ्या सासरचे पूर्वज.

भिवरानं पाणी पिणं सोडलं आणि शिळेवर बसून राहिली. इथं तिच्यासाठी सूर्य थांबला असं सांगता आलं असतं. आमच्या गोष्टीत तो थांबत नाही. शेजारून पाट वाहत होता आणि ती तहानेनं गेली म्हणे. गाव हळहळलं. तिची आठवण म्हणून तिच्या रेघा कधी बदलायच्या नाहीत, असं ठरलं.

आजही दुपारची पाळी म्हाळसाच्याच घराण्याकडे आहे. यंदा त्या घरच्या गोजाबाई फावडं घेऊन शिळेपाशी माझ्याजवळ उभ्या होत्या. मी थांबलेली पाहून हळूच म्हणाल्या, “ओढ गं पोरी. तू तरी काय करणार?”

मी ओढल्या. तशाच, सारख्या अंतरावर. सासूबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला. चुलतसासरे पाहुण्यांना भिवराचा त्याग समजावून सांगू लागले. तेव्हा मी सगळ्यांदेखत सासऱ्यांना म्हणाले,

“मामा, भिवराला या रेघा बदलायच्या होत्या.”