काळ्या कानाचं कोकरू

फार पूर्वी, एका माळावरच्या गावात, ओढ्याकाठी धुणं आपटता आपटता एक बाई दुसरीला सांगत होती, “गजराबाईच्या मेंढीचं कोकरू म्हणे ठकूमावशीच्या मेंढवाड्यात…” तेवढ्यात खुद्द गजराबाईच धुणं घेऊन आली आणि बोलणारीनं जीभ चावली.

गजराबाईला अर्धं वाक्यही पुरे होतं. गावात कुणाच्या चुलीवर काय शिजतंय, हे तिला झाकण न उघडता कळायचं. तिच्या पाच-सात मेंढ्या होत्या. शेजारच्या ठकूमावशीच्या त्याहून कमी. “म्हातारी चोर निघाली की!” म्हणत ती धुणं तिथंच टाकून पाटलाकडे धावली.

गावाचा नियम कडक होता. मेंढरू चोरणाऱ्याच्या कळपाला गायरान बंद. आणि गायरान सुटलं, तर ठकूमावशीची मेंढरं काय दगड खाणार?

पाटील आला, मागोमाग सारी आळी आली. ठकूमावशीच्या मेंढवाड्यात एक काळ्या कानाचं कोकरू मेंढीला लुचत होतं. काळे कान गावात फक्त गजराबाईच्या मेंढरांचे.

“बघा! माझंच आहे!”

“तुझंच आहे गं,” ठकूमावशी म्हणाली. “मी कुठं नाही म्हणते?”

“ऐकलंत? वर तोंड करून सांगतेय!”

“मग ने की. आईला लाव.”

गजराबाईनं कोकरू उचललं आणि कुंपण ओलांडून आपल्या नुकत्याच व्यायलेल्या मेंढीपुढं सोडलं. मेंढीनं हुंगलं न् अशी धडक दिली, की कोकरू कोलमडलं. पुन्हा लावलं, पुन्हा धडक. कुंपणापलीकडे ठकूमावशीची मेंढी जीव तोडून ओरडत होती.

“गजराबाई,” पाटलानं विचारलं, “मेंढीला कोकरं किती झाली?”

“एक. ते काय तिच्याजवळ.”

“जुळं होतं, पाटील,” ठकूमावशी म्हणाली. “गायरानात व्यायली. एकाला चाटलं, दुसऱ्याला टाकलं. मी हिला हाका मारल्या, तर ही बांधावर कुणाच्या तरी सुनेची कथा सांगण्यात दंग. ‘नंतर, नंतर’ म्हणून हात हलवला. माझ्या मेंढीचं पिल्लू त्याच दिवशी गेलेलं. त्याचं कातडं याच्या पाठीवर बांधलं, तेव्हा कुठं वासाला भुलून तिनं याला पाजलं.”

“मग सांगितलं का नाही?” पाटलानं विचारलं.

“सांगायला आले होते. पण ही घरात सापडेल तर ना!”

आळीत खसखस पिकली. गजराबाईचा चेहरा कानापर्यंत तापला. त्या सुनेच्या लुगड्याचा रंगसुद्धा तिला आठवत होता. आपल्या मेंढीचं दुसरं कोकरू मात्र तिनं पाहिलंच नव्हतं.

“गावाला काय सांगू?” पाटलानं विचारलं.

‘गैरसमज झाला’ म्हणून सुटता आलं असतं. गजराबाईनं पदरानं कोकराची माती पुसली, सगळ्यांसमोर ते परत नेलं आणि ठकूमावशीच्या मेंढीपाशी ठेवलं.

“कोकरू माझं आहे, एवढं खरं,” ती खालमानेनं म्हणाली. “पण चोरलेलं नाही. मी टाकलेलं, हिनं उचललेलं. मावशी, कुठल्या तोंडानं…”

“आधी त्याला पिऊ दे,” ठकूमावशी म्हणाली. “जरा बाजूला हो.”

गजराबाई बाजूला झाली. कुणाच्या नजरेला नजर देणं काही तिला जमलं नाही.

तात्पर्य: जो दुसऱ्याच्या वाड्यात डोकावत बसतो, त्याला आपल्या कळपाची खबर नसते. अर्धी ऐकलेली गोष्ट जिभेनं पुरी करू नये. शेजारी जाऊन विचारावी.