यंत्रगुरूंचा पहिला तास

साळिंदर सगुणाबाईंची नोकरी कायम होणार होती, म्हणून तर त्या यंत्रावर खूश होत्या. वनविद्यापीठात त्या अकरा वर्षं तासिका तत्त्वावर कंदशास्त्र शिकवत होत्या. तास झाला तर मानधन, सुट्टी आली तर उपास. त्यात कुलगुरू तरसरावांनी माणसाच्या आकाराचं एक शिकवणारं यंत्र मागवलं. माणसाच्याच का, हे कुणी विचारलं नाही. परदेशी होतं, तेवढं पुरलं. यंत्राला जो शिकवील तो कायम, असं फर्मान निघालं.

विषारी कंद कसा ओळखावा, याच्या वह्या बाईंनी कार्यालयात नेऊन दिल्या. पण यंत्र ऐकून शिकायचं, आणि विद्यापीठात आजवर एकही तास ध्वनिमुद्रित झाला नव्हता. झाले होते ते कुलगुरूंचे सत्कार. कारकून धनेशने त्या सत्कारांच्याच चारशे फिती यंत्राला ऐकवल्या.

"अहो मॅडम, त्यातही मार्गदर्शनच असतं," तो म्हणाला.

मूल्यांकन समिती आली. यंत्र उभं राहिलं. त्याने उपस्थित मान्यवरांची नावं घेतली, मग येऊ न शकलेल्यांची, मग वेळात वेळ काढून आलेल्यांची पुन्हा. चाळीस मिनिटं गेली. विद्यार्थी सशांनी तोंडावर पंजे धरले. शेवटी एकाने विचारलंच, "सर, विषारी कंद ओळखायचा कसा?"

"अत्यंत मोलाचा प्रश्न मांडल्याबद्दल," यंत्र म्हणालं, "मी अध्यक्षमहोदयांचे आभार मानतो."

समितीचे अध्यक्ष होते गवा. त्यांनी प्रश्न मांडला नव्हता, पण मान डोलावली. विद्यापीठाला सर्वोच्च दर्जा जागेवरच जाहीर झाला.

बाई फर्मान घेऊन तरसरावांकडे गेल्या. त्यांनी बाईंना बसायला सांगितलं, चहाही मागवला.

"बाई, तुमच्या वह्या त्याने उघडल्या तरी का? त्याला घडवलं समारंभांनी. आणि समारंभ कुणाचे?"

कायम झालं ते यंत्र. बाईंना त्याची सत्काराची शाल सावरायचं काम मिळालं, तासिका तत्त्वावर. तास संपला की त्या सशांना बाहेर जांभळीखाली कंद दाखवत. त्याचं मानधन नव्हतं.

यंत्राची कीर्ती दरबारात पोचली. तासभर बोलून उत्तर न देणारा इतका तयार गडी महाराजांना दुसरा दिसेना. त्यांनी त्याला मंत्री केलं. राजसभेत नुसत्या भाषणावरून यंत्र कोणतं, हे अजून कुणाला ओळखता आलेलं नाही.

दर्जा तरसरावांना मिळाला, हार गव्याला, खातं यंत्राला. जांभळीखाली यायला उशीर झालेल्या तीन सशांना पोटदुखी मिळाली. यंत्राची किंमत त्यांच्याच फीमध्ये धरली होती.