मोजणीवालीचे चार गडी

फार जुनी गोष्ट आहे. डोंगराच्या पायथ्याला एक नगर होतं आणि त्याच्या मधून एक ओढा वाहत होता. ओढ्याच्या दोन्ही काठांना वीस-वीस पावलं मोकळी सोडावीत, तिथे कुणी काही बांधू नये, असा नियम वेशीवरच्या दगडात कोरला होता.

तो राखायला एक मोजणीवाली होती. ती काठाने चुन्याची रेघ ओढायची. रेघेच्या आतलं बांधकाम पाडायचा तिला अधिकार होता आणि हाताखाली चार गडी होते. पण कारभाऱ्यांनी एक गडी आपल्या घोड्याला खरारा करायला नेला. दोघांना जत्रेच्या मांडवावर धाडलं, ते तिथेच राहिले. चौथा म्हातारा होऊन घरी बसला. त्याच्या जागी कुणी आलंच नाही.

धान्याच्या एका व्यापाऱ्याने हे बरोबर हेरलं. त्याने थेट ओढ्यातच कोठाराचा पाया घातला. मोजणीवालीने रेघ ओढली की त्याची माणसं ती पुसत. भिंत मात्र चढत राहिली.

"पाड की!" व्यापारी हसून म्हणाला. "अधिकार आहे ना तुला?"

कोठाराच्या वरच्या अंगाला कुंभारवाडा होता. ओढा तुंबला की पाणी त्यांच्याच घरांत शिरणार होतं. पण कुंभार चिडले ते मोजणीवालीवर. "तू दिवसभर करतेस तरी काय?" हे तिला फार लागलं.

ती कारभाऱ्यांकडे गेली. "माझी माणसं परत द्या."

"माणसं कुठून आणू? नियम आहे ना, तो दाखव त्याला."

दुसऱ्या दिवशी भर बाजारात ती छिन्नी-हातोडा घेऊन वेशीच्या दगडासमोर बसली आणि नियमाचं पहिलं अक्षर खोडू लागली. गर्दी जमली. कारभारी धावत आले.

"अगं, हे काय? नियम आहे तो!"

"राखायला माणूस द्यायचा नाही, मग दगडावर मिरवायचा कशाला? द्या माणसं, नाहीतर दिवस मावळायच्या आत दगड कोरा करते. तुरुंगात टाका मला, पण हा खोटा पहारा मी देणार नाही."

आणि तिने दुसरं अक्षर खोडलं.

एका कुंभारणीने पुढे होऊन तिचा हात धरला. "थांब बाई. आमचं चुकलं. तुलाच बोल लावत राहिलो, यांना कधी विचारलं नाही." मग ती कारभाऱ्यांकडे वळली. "घोड्याला खरारा तुम्ही करा. तिचे गडी तिला द्या!"

सगळा बाजार तेच ओरडू लागला. कारभाऱ्यांना मान हलवावीच लागली.

दुपारी तीन गडी पहारी घेऊन कोठारापाशी आले. चौथी पहार कुंभारणीच्या हातात होती. व्यापाऱ्याचा चेहरा उतरला.

"काल तर तू एकटीच होतीस," तो पुटपुटला.

"म्हणूनच तू बांधत होतास," मोजणीवाली म्हणाली. "हो बाजूला."

तात्पर्य, मुलांनो आणि कारभाऱ्यांनो: नियम राखणाऱ्याला हात द्यायचे नसतील, तर नियम केल्याचा तोरा मिरवू नका.