वाढत्या अंगाचा अंगरखा

आधी मला सांगा, माझी कापडाची कात्री कुणी घेतली होती? कंदिलाच्या कागदाला लावलीत ना? लावलीतच. पात्याला खळ चिकटलीय अजून. कापडाची कात्री कागदाला लावली की बोथट होते, हे मी दर दिवाळीला ओरडून सांगते आणि दर दिवाळीला तेच. जाऊ दे. निनाद, पाय आत घे. मुक्ता, तू भिंतीकडे सरक. गोष्ट हवी ना? मग कात्रीवाल्यांनी जरा जास्त कान देऊन ऐकायचं.

एक होती राणी, आणि तिला होता एक राजा. असंच म्हणायचं, कारण त्या घरात सगळं राणीच करायची. राज्य काही मोठं नव्हतं, बरं का. एक डोंगर, एक ओढा, मधे थोडी भातशेती, आणि राजवाड्याला एक करकरणारं फाटक. राणीचं नाव तुळसा. तिचं माहेर कोष्ट्यांचं, म्हणजे कापड विणणाऱ्यांचं. आईवडील गेलेले. मागे एक धाकटा भाऊ, जिवबा. तो मागावर खण विणायचा. खण म्हणजे चोळीचं कापड रे, कपाटाचा खण नव्हे.

त्या राज्यात एक रीत होती. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीनंतर जे कपडे घालायचे, ते घरच्या बाईनंच शिवलेले हवेत. बाजारचे चालत नसत. ही रीत कुणी काढली ते मला विचारू नका. शिवणाऱ्या बाईनं काढली नसणार, एवढं मी खात्रीनं सांगते.

मग दसरा झाला की तुळसाराणी कापडं घेऊन ओसरीवर बसायची. राजाचा सदरा, सासूबाईंची चोळी आणि राजपुत्राचा अंगरखा. राजपुत्राचं नाव बाजी, वय निनाद, तुझ्याएवढं, आणि वांडपणाही तुझ्याएवढाच. आता त्या घरात कुणी सरळ माप देईल तर शपथ. सासूबाई म्हणायच्या, "सूनबाई, बाजीचं वाढत्या अंगाचं शीव हो." बरं, पोराचं समजू शकते मी. तुमचेही कपडे मी दोन बोटं जास्त ठेवूनच शिवते. पण राजा? चांगला मिशा पिकलेला बाप्या. तोही म्हणायचा, "माझाही वाढत्या अंगाचा शीव. फराळ आहे पुढे." आणि सासूबाई तर वर्षागणिक आक्रसत चाललेल्या. त्याही म्हणायच्या, "माझीही वाढत्या अंगाचीच." कापड वाया जायला नको, पुढच्या वर्षीही चालायला हवं. पुढचं वर्ष, पुढचं वर्ष. नुसता डोक्याला ताप.

या सगळ्यात राणीची स्वतःची चोळी राहून जायची. जिवबा दर भाऊबिजेला हातानं विणलेला खण आणायचा, आणि राणी म्हणायची, पुढच्या वर्षी शिवीन. पेटीत खणावर खण साठले. मग गेल्या भाऊबिजेला काय झालं, जिवबानं तिच्या दंडावरचं ठिगळ पाहिलं. तो पाटावरून उठला. म्हणाला, "ताई, माझं विणकाम तुला आवडत नाही, ते मला कळलं. आज आणलेला हा निळा खण तेवढा शीव. पुढच्या भाऊबिजेला तुझ्या अंगात दिसला नाही, तर मी या फाटकातून परत यायचा नाही."

राणीला फार वाईट वाटलं. राणीला स्वतःची चोळी शिवायला वेळ होत नाही, हे कुणाला खरं तरी वाटेल का? एकुलता एक भाऊ. ओवाळायला दुसरं कोण होतं तिला?

मग या वर्षी तिनं ठरवलं, आधी माझी चोळी. निळा खण काढला. सुईत दोरा ओवला. तेवढ्यात राजा आला लंगडत. पायात काटा रुतलेला. त्यानं राणीच्या हातातली सुई घेतली, काटा काढायला बसला आणि सुईच मोडली. काटा तिथंच.

मग राणीनं दुसरी सुई काढली. ती सासूबाईंनी झेंडूचं तोरण ओवायला नेली. तोरण झालं, दाराला लागलं, सुईचा पत्ता नाही. "इथंच तर ठेवली होती," म्हणाल्या. ही 'इथंच' म्हणजे कुठली जागा, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. आपल्याही घरात सगळं तिथंच असतं.

मग तिसरी सुई. ती बाजीनं पळवली, वाकवून तिचा गळ केला आणि ओढ्यावर मासे धरायला गेला. मासा गळ घेऊन गेला. राणीनं कपाळाला हात लावला. सुया विकणारी बाई आता दिवाळी झाल्यावरच यायची होती, आणि घरात एकही सुई नाही. हसू नका. तिच्या जागी असतात तर कळलं असतं.

राणी अंगणात जाऊन बसली. तिथं जास्वंदीत शिंपी पक्ष्याचं घरटं होतं. शिंपी म्हणजे तो एवढासा हिरवा पक्षी, दोन पानं जोडून शिवतो आणि आत घर करतो. राणी दर वर्षी त्याच्यासाठी दोऱ्यांचे तुकडे टाकायची. त्या दिवशी ती रिकाम्या हातानं बसलेली पाहून पक्षी खाली आला. चोचीत एक काटा. काट्याला बारीक नेढं.

"ही सुई घे," पक्षी म्हणाला. "आपोआप शिवते. पण जपून बोल. हिला शब्द कळतो, मनातलं कळत नाही."

राणी आनंदानं उठली. निळा खण हातात घेतलाही. आणि आतून सासूबाईंची हाक आली, "सूनबाई, बाजीचा अंगरखा झाला का?" झालं. हिनं खण ठेवला खाली. मला या ठिकाणी दर वेळी इतका राग येतो ना. अगं, एवढी आयती सुई हातात आहे, आधी तुझं शीव की. पण नाही. सवय वाईट असते.

मग राणीनं अंगरख्याचं कापड पसरलं आणि सुईला सांगितलं, "हे वाढत्या अंगाचं शीव." घरात जे ऐकलं होतं तेच तोंडातून गेलं, दुसरं काय. सुई निघाली सुळकन. अंगरखा तयार. मग राजाच्या सदऱ्याला तेच सांगितलं. सासूबाईंच्या चोळीला तेच. तिन्ही कपडे कसे सुबक. राणी म्हणाली, माझी चोळी उद्या, आता चकल्या तळायच्यात.

दिवाळीची पहिली आंघोळ झाली. उटणं लावून झालं, सगळ्यांनी नवे कपडे घातले. फराळाला बसले. राजानं करंजी उचलली तर बाही बोटांवर आलेली. त्यानं बाही वर सारली. लाडू उचलला, बाही पुन्हा खाली. चिवड्यापर्यंत बाही ताटात. बाजी पळायला उठला तो अंगरख्यात पाय अडकून पडला. आता कळलं का काय झालं? अंग वाढत नव्हतं. कपडे वाढत होते.

मग राणी कात्री घेऊन धावली. इकडून कापावं, तोवर तिकडून वाढावं. काढून टाकावे म्हटलं तर घोळाच्या आत बंद सापडेना. लक्ष्मीपूजनाला राजाचा सदरा अंगणभर झाला आणि सगळी रांगोळी पुसून गेली. बाजी स्वतःच्याच बाहीत शिरला, तो जेवायच्या वेळी बाहेर आला. सासूबाईंच्या चोळीचा तंबू झाला, आणि तंबूतून आवाज आला, "सूनबाई, जरा ढगळ झालीय का गं?"

जरा ढगळ म्हणे.

पाडव्याला राणी ओवाळायला तबक घेऊन आली तर राजाचं तोंडच सापडेना. ती कापड बाजूला करत, करत, करत फाटकापर्यंत गेली. बघते तर फाटक कापडानं गच्च भरलेलं. उंदीरसुद्धा आत यायचा नाही. आणि उद्या भाऊबीज. उद्या जिवबा येणार, बंद फाटक बघणार आणि काय समजायचं ते समजून परत जाणार. आणि चोळी? निळा खण तसाच पडलेला, टाकासुद्धा नाही.

राणीनं तबक खाली ठेवलं आणि ती ढसाढसा रडली. मग तिला आला राग. डोळे पुसून ती तशीच जास्वंदीपाशी गेली. म्हणाली, "हे काय दिलंस मला?"

पक्षी म्हणाला, "तू सांगितलंस तेच शिवलं सुईनं. आता ज्याच्या अंगावर आहे त्यानंच उसवायचं, आणि आपल्या हातानं, आजच्या मापाचं पुन्हा शिवायचं. तू हात लावलास तर आणखी वाढेल." आणि त्यानं तीन साधे काटे खाली टाकले. नेढं असलेले, पण जादूबिदू काही नाही.

राणी परत आली. कापडाच्या ढिगासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "ऐका. हे तिघांनी आपापलं उसवायचं आणि आपापलं शिवायचं. मी बोट लावणार नाही."

ढिगातून राजा म्हणाला, "अगं, मला कुठं शिवता येतं?"

"मला तरी आईच्या पोटातून येत होतं का?" राणी म्हणाली. "उद्या माझा भाऊ यायचाय. तो या फाटकावरून परत गेला, तर पुन्हा कधी येणार नाही. सगळ्यांचं पुढचं वर्ष शिवता शिवता माझा भाऊ चाललाय, कळतंय का कुणाला?"

असं मोठ्यानं ती कधी बोललीच नव्हती. मग ढिगातून राजाचा हात बाहेर आला. राणीनं हातात काटा दिला.

मग बसले तिघे. राजानं पहिलाच टाका घातला आणि बोटात टोचून घेतलं. बाजीनं अंगरखा स्वतःच्या मांडीवरच्या चादरीला शिवून टाकला. पुन्हा उसवला. सासूबाईंना दोराच ओवता येईना. त्या पुटपुटल्या, "एवढंसं नेढं असतं होय." राजाची पाठ भरून आली. त्यानं विचारलं, "तू हे दसऱ्यापासून करतेस?" राणी म्हणाली, "लग्न झाल्यापासून करते." पण जसजसे उसवत गेले, तसतसं कापड वाढायचं थांबलं. जास्तीचं गळून पडलं. फाटकही मोकळं झालं.

आता राणी मोकळी. तिनं निळा खण मांडीवर घेतला. जादूची सुई वर उभी राहिली, सांग म्हणून. आणि राणी तिथंच अडली. राजाच्या छातीचं माप तिला पाठ. सासूबाईंच्या दंडाचं पाठ. बाजी गेल्या वर्षीपेक्षा किती वाढला तेही पाठ. पण स्वतःचं माप तिला माहीतच नव्हतं. कुणी घेतलंच नव्हतं कधी. आणि पाठीचं माप आपलं आपल्याला घेता येत नाही, बरं का. दुसरं माणूस लागतं.

हे सासूबाईंनी बघितलं. त्या उठल्या. आपल्या रिळाचा दोरा तोडला आणि सुनेच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "हात वर कर." पाठीचं माप घेतलं, गाठ मारली. दंडाचं घेतलं, गाठ मारली. म्हणाल्या, "किती वाळलीस गं. माझ्या लक्षातच आलं नाही." आणि दोरा तिच्या हातात दिला.

मग तुळसाराणीनं सुईला सांगितलं, "माझ्या अंगाची शीव. आजच्या."

दुसऱ्या दिवशी फाटक करकरलं. जिवबा आला. आत येईना, उंबऱ्यावरच थांबला आणि आधी ताईकडे बघितलं. निळी चोळी. अगदी अंगासरशी बसलेली. त्यानं पुढं होऊन बाहीचा काठ बोटांनी चाचपला, विणणाऱ्या माणसाची सवय ती. मग म्हणाला, "मला वाटलं होतं, रंग जरा गडद झालाय. नाही झाला." एवढंच. आणि लहान पोरासारखा रडायला लागला. राणीनं त्याला पाटावर बसवून ओवाळलं. राजा शेजारी बसला होता, एक बाही लांब, एक बाही कोपरापर्यंत. जिवबानं विचारलं, "हा सदरा कुणी शिवला?" राजा छाती काढून म्हणाला, "मी."

मग जे कापड गळून पडलं होतं ना, राज्यातल्या घराघरात त्याच्या गोधड्या झाल्या. तेव्हापासून त्या घरात माप घ्यायला सगळ्यात आधी राणीला उभं करायचे, आणि सुई घेतली की जागेवर ठेवायचे. राणी सुखी झाली, राजा सुखी झाला, जिवबा दर भाऊबिजेला येत राहिला.

संपली गोष्ट. आता तुम्हीही ओढा गोधडी आणि डोळे मिटा. कात्री उद्या सकाळी मशीनवर दिसली पाहिजे.

काय गं मुक्ता? माझा ब्लाऊज? नाही शिवला अजून, बाई. तुमचेच कपडे व्हायचेत. कुठं चाललीस? टेप कशाला? आत्ता? अगं, उद्या घे...

बरं. घे. हा बघ, उभी राहिले. निनाद, तू टेपचं ते टोक धर, आणि हलू नकोस. खांद्यापासून धर. हां, तसं. झालं? आता खरंच झोपा.