शांततेची शिळा

आमच्या गावच्या वाचनालयाचे अध्यक्ष विश्वासराव इंग्रजी शब्दाशिवाय वाक्य सोडत नसत. दाराशी लावायच्या शिळेसाठी त्यांनी मला ‘शांत राहा’ असं इंग्रजीत लिहून दिलं. आम्हा पाथरवटांची रीत अशी की कागद दगडावर चिकटवायचा आणि त्याच्यावरूनच छिन्नी चालवायची. काम संपतं तेव्हा कागदाचा भुगा झालेला असतो. मला वाचता येत नाही, पण अक्षराचं वळण मी विसरत नाही.

उद्घाटनाला सुलभाबाई मास्तरीण म्हणाल्या, “साहेब, हे तर क्वाइट झालंय, म्हणजे ‘अगदी’. शांतला क्वाएट म्हणतात. स्पेलिंग थोडं निराळं असतं.”

विश्वासराव सगळ्यांदेखत माझ्यावर कडाडले, “लिंब्या, अडाण्या! गावात आता तुला कोण दगड देतो तेच बघतो.”

चाळीस वर्षांचं माझं नाव, आणि दाखवायला कागद उरलेला नाही. मी हात जोडले. “मालक, दुसरी शिळा घडवतो. बरोबर कसं ते तेवढं फळ्यावर लिहून द्या.”

त्यांनी ऐटीत लिहिलं. मी फळा उचलला, शिळेला टेकवून उभा केला आणि म्हणालो, “मालक, हे तर तेच की हो! मी अडाणी, मला नुसती नक्कल येते. अशी चूक व्हायला शिकलेला माणूस लागतो.”

वाचनालयात तेव्हा खरी शांतता झाली.

नवी शिळा शहरातून आली. चूक कोणाची ते गावाला कळलं. दगड मात्र त्यानंतर मला कोणी दिला नाही.