पावणेदोन तास

“जावं की नाही, एवढंच सांगा, बुवा.”

अप्पाबुवा मठाच्या घाटावर, अगदी पाण्यालगतच्या पायरीवर बसले होते. काठी मांडीवर. मी वरच्या पायरीवर तांदूळ निवडत होतो. हात सुपात, कान तिकडं.

विचारणारा शशिकांत, आमच्याच गावचा. व्हिएन्नात मोठा इंजिनिअर. त्याचा धाकटा भाऊ रमाकांत कोपनहेगनला शेवटच्या घटका मोजत होता. त्यानं निरोप धाडला होता, दादा, एकदा ये.

“तुझ्यापासनं किती लांब तो?”

“पावणेनऊशे किलोमीटर. विमानानं पावणेदोन तास.” पाठच होतं त्याला.

“आणि इथं यायला?”

“काल सकाळी निघालो. मधे विमान बदललं. मुंबईहून रात्रभर गाडी.”

बुवांनी बोटांवर तास मोजले.

“अंतराचं काही नाही, बुवा. बाबा गेले तेव्हा हा आला नाही. दोन दिवस बर्फावर ठेवलं बाबांना, याच्यासाठी. तेव्हाच मला तो मेला. तुमच्यासमोर, याच पायरीवर त्याच्या नावानं आंघोळ केली मी.”

खरं होतं ते. माणूस गेल्यावर घेतात तसं डोक्यावरून पाणी घेतलं होतं त्यानं. बुवा नको नको म्हणत होते. पण हा ऐकतोय कुठं! मोडेन पण वाकणार नाही, असला स्वभाव.

“मग मेलेल्याकडं जायचं कशाला, सांगा.”

“फोन लाव त्याला.”

“आधी तुम्ही सांगा.”

“लाव.”

फोन त्यानं घर सोडल्यापासनं बंद ठेवला होता. भावजय सारखी बोलावते म्हणून. आता चालू केला, लावला. तिकडून बाईचा आवाज आला. हा नुसता ऐकत राहिला…

“काल दुपारी गेला,” तो म्हणाला. “मी विमानात होतो तेव्हा. खाट दाराकडं फिरवून घेतली होती म्हणे. दादा आला तर दिसावा म्हणून.”

मला त्याचा राग आला, आणि कीवही आली. तांदळातले खडे दिसेनात.

शशिकांत कपड्यांनिशी तसाच पाण्याकडं निघाला. जवळचं माणूस गेल्याचं कळलं की आंघोळ करायची, ही आपली रीत. तेवढं तरी भावासाठी करावं, असं वाटलं असणार बिचाऱ्याला.

बुवांनी काठी आडवी धरली.

“सोडा, बुवा. रमाच्या नावानं आंघोळ करू द्या मला.”

काठी हलली नाही. शशिकांत रडत होता. बुवांचेही डोळे भरले होते, पण आवाज नेहमीसारखाच होता.

“ती तू मागंच केलीस, बाळा. आता कोरडाच जा.”