हेमांगीनं घेतलेल्या हरकतीची कहाणी

ऐका उंबरठेमाय, तुमची कहाणी. आटपाट शहर होतं, शहरात सात मजली इमारत होती. तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं. एका दारी हेमांगी, दुसऱ्या दारी तृप्ती. दोघींनी एकाच महिन्यात कर्ज काढून घरं घेतलेली. पण तृप्तीकडे काही नवं आलं की हेमांगीच्या पोटात जळफळाटाचा गोळा यायचा. पडदे आले, गोळा आला. मिक्सर आला, गोळा आला. तृप्तीचा नवरा तिला "अहो तृप्ती" म्हणायचा, त्याचासुद्धा गोळा यायचा.

मग काय झालं? घरांच्या किमती पडल्या. घर उरलं निम्म्याचं, कर्ज राहिलं तेवढंच. पतपेढी ऐकेना, दारांना कुलपं लागू लागली. मग नगरपालिका म्हणाली, "रस्त्यासाठी आम्ही जमीन सक्तीनं घेतो की नाही? तशी ही कर्जंच ताब्यात घेतो. पतपेढीला आजच्या किमतीइतकं देतो, तुम्ही आम्हाला तेवढंच फेडा."

मग कुणाकुणाची कर्जं घेणार त्याची पहिली यादी लागली. हेमांगीनं वरून खाली वाचली, खालून वर वाचली. तृप्तीचं नाव होतं, हिचं नव्हतं. खाली लिहिलं होतं, हरकत असल्यास कळवावी.

"मला आहे ना हरकत," हेमांगी म्हणाली. तिनं अर्ज लिहिला, की या बाई चैनीत राहतात, पडदे नवे आहेत. नगरपालिकेच्या खिडकीवर दिला, शिक्का घेतला, घरी येऊन पोटभर जेवली.

मग आठ दिवसांनी जिन्यात कागद डकवला. एका घरावर हरकत आली, म्हणून सगळ्या इमारतीचं काम थांबलं. दुसरी यादी निघायची होती, तीही अडकली. तिच्यात पहिलंच नाव हेमांगीचं होतं. महिन्यात हरकत सुटली नाही तर पतपेढी दोघींच्या दारांना कुलूप घालणार.

बायका जिन्यात म्हणाल्या, "कोण गं ती मेली हरकतवाली?"

"असतात बाई एकेक लोक," हेमांगी म्हणाली.

तृप्ती म्हणाली, "हेमांगी, वेळ आलीच तर माझी भांडी तुझ्याकडे ठेवशील?" तिला बिचारीला कुठे ठाऊक.

मग हेमांगी धावत खिडकीवर गेली. "ताई, माझा कागद परत द्या."

खिडकीत बसली होती खुद्द उंबरठेमाय, पण हिला काय कळणार? ती म्हणाली, "शिक्का पडलेलं परत जात नाही, बाई. जिच्यावर हरकत घेतलीस तिची सही आण."

"कुठल्या तोंडानं मागू?"

"तीन शुक्रवार सकाळी आधी तिच्या उंबऱ्याशी रांगोळी घाल, मग तुझ्या. तोंड आपोआप उघडेल."

"आणि माझं जळणं जाईल?"

"ते मी कुठे विचारलं? हात आधी तिच्या दारी गेला पाहिजे."

मग हेमांगीनं वसा घेतला. पहिल्या शुक्रवारी ठिपके काढले, तृप्तीचं नवं पायपुसणं दिसलं, जळली. तरी घातली. दुसऱ्या शुक्रवारी कमळ काढलं, आतून "अहो तृप्ती" ऐकू आलं, जळली. एक पाकळी वाकडी गेली, तरी घातली. तिसऱ्या शुक्रवारी दारच उघडलं.

"तू घालतेस होय? मला वाटलं सोसायटीनं बाई लावली."

"तृप्ती, ती मेली हरकतवाली मीच."

तृप्ती उंबऱ्यातच खाली बसली. मग म्हणाली, "कशावरून गं?"

"पडद्यांवरून. आणि तुझा नवरा अहो म्हणतो त्यावरून."

"अगं बाई, तो भांडला की अहो म्हणतो. रोज भांडतो." तृप्ती रडता रडता हसली. "तुझ्यामुळे तीन आठवडे झोप नाही मला. हे विसरणार नाही मी." आणि तिनं सही केली.

मग हरकत सुटली, दोन्ही याद्या निघाल्या, दोन्ही घरं वाचली. पण तृप्तीच्या घराची किंमत कमी धरली होती, तिला फेडायचंही कमीच आलं. हेमांगीच्या पोटात गोळा आला, चांगला मोठा आला. वसा संपला होता, चौथा शुक्रवार होता. तिनं रांगोळीचा डबा उचलला आणि आधी समोरच्या दारी जाऊन बसली.

जशी उंबरठेमाय हेमांगीला पावली, तशी तुम्हां-आम्हां जळणाऱ्यांनाही पावो, आणि सगळ्यांच्या दारांना आतूनच कड्या राहोत. ही साठ बोलांची कहाणी पाच बोलांत सांगितली, ऐकणारीला सुफळ, सांगणारीला संपूर्ण.